कुलूपबंद उतारे

११ जुलै २०२१, रविवार

अभय आज आला आणि कुलूप लावून गेला.

कुलूप म्हणजे काय ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या पुन्हा त्यालाच विचारावं लागेल. लघुलेखनाच्या, म्हणजे शॉर्टहँडच्या, सरावासाठी मी माझ्या आवाजात सांगितलेले सगळे उतारे आता ॲपमध्ये आहेत. विद्यार्थ्याने फी भरली की त्याला उतारा ऐकता येतो, डाउनलोड करता येत नाही. एक उतारा तीनदाच वाजतो. फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू केलं की आवाज आपोआप बंद पडतो.

"आणि शेजारी दुसरा फोन ठेवला तर?" मी विचारलं.

"त्याला इलाज नाही बाबा. पण मग खरखर येते. एवढी खटपट कोण करणार?"

कांता मेथी निवडत होती. म्हणाली, "यांचे उतारे ऐकून मला झोप येते. चोर नेऊन करणार काय?"

तिला गंमत वाटते. गेल्या वर्षी मी साध्या व्हॉट्सॲपवर उतारे पाठवले. दोन महिन्यांत लातूरचा एक क्लास सुरुवातीला तबला वाजवून तेच विकत होता. आवाज माझा, नाव त्यांचं. कसबा पेठेतली क्लासची खोली सोडली त्याला आता वर्ष झालं. बाकं विहारात देऊन टाकली. राहिले ते हे उतारे. तेही गेले तर मी फक्त निवृत्त लघुलेखक.

अभय जाताना म्हणाला, "रोज रेकॉर्ड नका करू. मधे मधे पाणी घेत जा."

मुलं मोठी झाली की अशी बोलायला लागतात.

१६ जुलै

आज शंभरच्या वेगाचे दोन उतारे रेकॉर्ड केले. शंभर म्हणजे मिनिटाला शंभर शब्द. मजकुरावर दर पंचवीस शब्दांनंतर मी पेन्सिलने तिरकी रेघ मारतो. घड्याळाचा काटा पंधरा सेकंद सरकला की आवाज त्या रेघेवर आला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. विद्यार्थ्याचा हात या ठोक्यावर घडतो. पुस्तक वाचून लघुलेखन येत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. मला कलेक्टर कचेरीत साहेबांच्या समोर खुर्ची मिळाली ती या लिपीमुळे. साहेब येत-जात राहिले, खुर्ची राहिली. नंतर क्लास काढला तेव्हा ठरवलं होतं, हे आपल्यापाशी ठेवायचं नाही. आता कुलूप लावून बसलो आहे. अभय म्हणतो, यात विसंगती काही नाही, याला बिझनेस म्हणतात.

कांताचे कान कमी झालेत. चहा दे म्हटलं तर स्वयंपाकघरातून तीनदा "काय?" म्हणते. दाखवायला हवं. ती ऐकणार नाही.

२५ जुलै

पृथ्वीराज नावाचा विद्यार्थी आहे, बारामतीकडचा. त्याचा फोन आला. बराच वेळ तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, एकशेवीसचा उतारा जरा, म्हणजे, आवाज जरा घासतोय. माझ्याच फोनचा प्रॉब्लेम असेल."

मी अभयला फोन लावला. "तुझ्या कुलपाने आवाज खराब होतोय."

"बाबा, एन्क्रिप्शन आवाजाला हात लावत नाही."

"मग पोरगा खोटं बोलतो?"

तो म्हणाला, "मी बघतो."

काही बघणार नाही. संगणकाच्या लोकांना आपला दोष कधी दिसत नाही.

संध्याकाळी गॅससाठी फोन केला. समोरच्याने "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणून दोनदा फोन ठेवून दिला. या भागातलं नेटवर्क दिवसेंदिवस बिघडतंय.

२ ऑगस्ट

चोरी झाली.

टेलिग्रामवर एक चॅनेल आहे. नाव 'स्टेनो ताई'. फुकट. माझे जुलैचे सगळे उतारे तिथे आहेत. फक्त आवाज माझा नाही. कुणी मुलगी सांगते आहे.

अभय ऑफिस सोडून आला. माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडून चार वाजेपर्यंत बसला. म्हणाला, "एकही फाइल बाहेर गेलेली नाही. भोक नाहीच."

"मग तिच्याकडे माझा मजकूर कसा?"

"मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवरून गेला असेल."

नाही गेला. एका उताऱ्यात मी चुकून 'पाटबंधारे'च्या जागी 'सिंचन' म्हणालो होतो. कागदावर 'पाटबंधारे'च आहे. मुलगी 'सिंचन' म्हणते. म्हणजे तिने मला ऐकलं आहे.

आवाज स्वच्छ आहे. घाई नाही. वेग मात्र मिनिटाला पाच-सहा शब्दांनी मागेपुढे होतो. दोन ठिकाणी शब्द गाळले आहेत. माझ्या रेकॉर्डिंगवर ते स्पष्ट आहेत, मी मुद्दाम तपासलं. चोरी करायची तर निदान नीट करावी.

६ ऑगस्ट

अभयने नवी युक्ती केली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या उताऱ्यात बारीक टिकटिक घातली आहे, प्रत्येकाची वेगळी. कुठूनही बाहेर आला तरी कुणाच्या फोनमधून आला ते कळेल. मी परवा नवा उतारा टाकला. काल चॅनेलवर आला. टिकटिक नाही.

अभय हसायला लागला. मला राग आला.

"बाबा, कळतंय का? ती डाउनलोड करतच नाही. ती लिहून घेतेय."

एकोणतीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. कुणी बोललं की ते कागदावर आलं पाहिजे, एक शब्द हवेत राहता कामा नये. मग मी बोललो आणि आता विचारतो, कागदावर कसं आलं.

पण एकशेवीसचा उतारा लिहून घेणारा हात माझ्या विद्यार्थ्यांत कुणाचा आहे? मी यादी काढली. कुणाचाच नाही.

९ ऑगस्ट

चॅनेल पुन्हा ऐकला. 'हाय' ऐकू आलं. उतारा संपल्यावर ती पोरांना म्हणते, "आजचा एवढाच हाय. तपासून घ्या."

तनुजा. वाघोलीची. खोली होती तेव्हा दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसायची. मी आवाज ओळखला नाही, कारण तिला हजेरीच्या "हाय सर" याच्यापुढे बोलताना मी कधी ऐकलंच नाही. तिला मी सांगितलं होतं, तुझा हात ऐंशीच्या पुढे जायचा नाही, टायपिंग कर.

तिचा हात एकशेवीसला गेला आहे. हे मला तिची चोरी सापडल्यावर कळलं.

१४ ऑगस्ट

वाघोलीला जाऊन आलो. बस भर रस्त्यात इतका वेळ उभी होती की माणसं उतरून चालायला लागली.

तनुजाचे वडील आप्पासाहेब दारातच भेटले. पूर्वी शेती होती, आता चारी बाजूंना इमारती आणि मध्ये यांचं घर. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. मी सांगायला लागलो तर कानाला हात लावून पुढे वाकले. "काय म्हणालात, सर?" आयुष्यभर ट्रॅक्टर चालवल्यावर असं होतं.

"पोरगी लय भारी सांगती, सर," ते म्हणाले. "सकाळी गोठ्यात जाऊन सांगती. तिथं आवाज घुमत नाय म्हणं. म्हशी पण गप उभ्या राहत्यात."

तनुजा चहा घेऊन आली. उभीच राहिली.

मी विचारलं, "माझे उतारे डाउनलोड केलेस?"

"नाही, सर. डाउनलोड होतच नाहीत."

"मग?"

"लिहून घेतले. दोनदा ऐकून. तिसऱ्यांदा तपासते."

"कुणी सांगितलं लिहून घ्यायला?"

ती हळूच म्हणाली, "तुम्हीच की, सर."

आप्पासाहेब हसले आणि मग माझ्याकडे बघून थांबले.

मी म्हणालो, हे माझं पोट आहे. लोक फुकट ऐकतील तर फी कोण भरेल? ती म्हणाली, "ज्यांनी फी भरली ती पण..."

"ती पण काय?"

"त्यांच्याकडे नेट नसतं, सर. ॲप चालत नाही. चॅनेल चालतो."

"मग मला सांगायचं."

"हो, सर."

"का नाही सांगितलंस?"

ती आप्पासाहेबांकडे बघायला लागली. त्यांनीही मान खाली घातली. नेट नाही एवढं सांगायला इतकं काय अवघड होतं, मला कळलं नाही. निघताना तिने विचारलं, "सर, डॉक्टरकडं जाता का कधी?" मी म्हणालो, कांताला न्यायचं आहे, कानासाठी.

१८ ऑगस्ट

तनुजाचं खातं बंद केलं. अभयने चॅनेलविरुद्ध तक्रार केली. मालकी माझी असल्याचे पुरावे जोडले. चॅनेल बंद झाला.

अभय म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं." त्याला आनंद झालेला दिसला नाही.

२३ ऑगस्ट

ॲपमध्ये आता आकडे दिसतात. मुलं उतारा उघडतात, अर्ध्या मिनिटात बंद करतात. पुन्हा उघडतात, पुन्हा बंद. तीन वेळा संपल्या की गप्प. सराव कुणीच करत नाही. सरकारी लघुलेखक भरतीची कौशल्य चाचणी तोंडावर आली आहे.

पृथ्वीराजचा फोन. "सर, ताईंचा चॅनेल परत कधी सुरू होईल?"

मी थक्क झालो. "तू फी भरली आहेस ना? माझा कोर्स आहे ना तुझ्याकडे?"

"आहे, सर."

"मग तुला चॅनेल कशाला हवा?"

"नाही सर, तसं काही नाही. सहज विचारलं. काळजी घ्या, सर."

सगळी तब्येतीची काळजी करतात आणि सराव कुणी करत नाही.

३० ऑगस्ट

कांताला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. महिनाभर मागे लागलो होतो. डॉक्टर तरुण बाई आहेत. त्यांनी कांताला यंत्रापुढे बसवलं. बारीक आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. कांता प्रत्येक वेळी बोट वर करत होती.

"काकूंचे कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

मी म्हणालो, तसं कसं, घरात तिला माझं काहीच ऐकू येत नाही.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. "काका, पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तुमचा आवाज कधीपासून असा आहे?"

"कसा?"

कांता छताकडे बघत होती.

त्यांनी मला तिच्या जागेवर बसवलं. नाकातून नळी घातली. समोरच्या पडद्यावर माझं स्वरयंत्र दिसलं. दोन पांढऱ्या पट्ट्या. एकीवर काहीतरी वाढलं आहे.

"तंबाखू? सिगरेट?"

"कधीच नाही."

"शिक्षक आहात?"

"उतारे सांगतो."

त्यांनी तुकडा काढून तपासणीला पाठवायचं सांगितलं. तोपर्यंत बोलायचं नाही.

रिक्षात कांता म्हणाली, "माझे कान ठीक आहेत म्हणून सांगत होते." मग घरी येईपर्यंत माझा हात धरून बसली.

१ सप्टेंबर

सगळी रेकॉर्डिंग ओळीने ऐकली. मला काही फरक वाटला नाही. मजकूर मीच लिहिलेला आहे, मला प्रत्येक शब्द आधीच माहीत असतो. मी ऐकत नाही, वाचत असतो.

कांताला समोर बसवलं. गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं एक लावलं, जुलैचं एक लावलं.

"पहिलं कळतं," ती म्हणाली. "दुसऱ्यात नुसती करवत चाललीय."

पाटीवर लिहिलं: मग सांगितलं का नाहीस?

"सांगत होते की. मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला. तुम्ही मलाच बहिरी ठरवलंत."

लिहिलं: अभयला माहीत होतं?

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला कोण सांगणार?"

१३ सप्टेंबर

तपासणीचा निकाल आला. चांगला नाही. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलं, जिवाला धोका कमी. एक पट्टी काढावी लागेल. नंतर कुजबुजण्याइतका आवाज राहील.

मी लिहून विचारलं: उतारा सांगता येईल?

त्यांना उतारा म्हणजे काय ते अभयने समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, नातवंडांशी बोलता येईल."

मला नातवंडं नाहीत. अभयने खिडकीबाहेर बघितलं.

२ ऑक्टोबर

ऑपरेशन होऊन घरी आलो. गळ्याला पट्टी. फार वेळ लिहवत नाही.

घर इतकं शांत आहे की कांता भांडी जरा जोरात आपटते.

९ ऑक्टोबर

तनुजाचं खातं पुन्हा उघडलं. तिला व्हिडिओ कॉल केला. मी लिहायचं, कांताने वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. घाईत मी लघुलिपीतच लिहिलं.

"हे काय काढलंय? गोम?" कांता म्हणाली. "मला काय वाचता येतंय?"

"काकू, वही फोनसमोर धरा," तनुजा म्हणाली आणि वाचायला लागली. मी पुढचं लिहीत होतो तोवर तिचं मागचं वाचून झालेलं असायचं.

मी लिहिलं: माझ्या ॲपवर तू उतारे सांग. अर्धी फी तुझी.

तिने वाचलं. "नाही जमणार, सर."

का?

"कुलपाच्या आत नाही जमणार. पोरांना वाटेल, ताई आधी फुकट देत होती आणि आता सरांच्यात जाऊन बसली. चॅनेल पुन्हा काढते. तुमचं नाव घालते. पण कुलूप नको, सर."

चॅनेल बंद पडल्यावर या दीड महिन्यात पोरांनी काय केलं, तेही तिने सांगितलं. ज्याला जमेल तो सांगतो. कुणी नांदेडचा, कुणी जळगावचा, कुणी जेवताना सांगतो. घड्याळ कुणी लावत नाही. दोन-तीन ठिकाणी मी ऐकलं. ऐंशीचा उतारा म्हणून साठ चालला आहे. या ठोक्यावर हात घडला तर पोरं चाचणीत पहिल्या मिनिटातच पडतील. मला त्यांना सांगता येत नाही.

शेवटी लिहिलं: फी भरलेली मुलंही तुझा चॅनेल का ऐकत होती?

तिने वाचलं. कांताने वही या हातातून त्या हातात घेतली.

"नेट नव्हतं, सर, त्यांच्याकडं," तनुजा म्हणाली.

अजूनही ती नेटच म्हणते.

१५ ऑक्टोबर

तिला नवे उतारे पाठवायला लागलो. टाइप करतो, रेघा मारतो, फोटो काढून पाठवतो. मजकूर तसाच उघडा जातो. अभयने विचारलं, "बाबा, कुलूप ठेवायचं का? आता आत काही नाही." मी हात हलवला. त्याला काय समजायचं ते त्याने समजून घेतलं. ॲप अजून चालू आहे की नाही, मला माहीत नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

तनुजाने आज पहिल्यांदा थेट उतारा सांगितला. मुलं एकाच वेळी आपापल्या घरी ऐकणार आणि लिहिणार. मलाही बोलावलं. कांताने टेबल पुसून दिलं, मी पॅड घेतलं, पेन्सिलीला टोक केलं. कचेरी सोडल्यापासून डिक्टेशन घ्यायला मी प्रथमच बसलो होतो.

सुरुवातीला तिने नियम सांगितले. सगळ्यांचे माइक बंद. मधे कुणी मेसेज करायचा नाही. हे माझेच नियम आहेत.

उतारा माझाच, परवा पाठवलेला. पाणीपुरवठा योजनेचा, शंभरचा. ती चांगली सांगत होती. पहिल्या मिनिटाला रेघेवर बरोबर आली. दुसऱ्या मिनिटालाही. माझा हात चालत होता, मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या मिनिटात तिची एक ओळ सुटली. फोटोत कागद दुमडला असेल, किंवा तिची नजर घसरली असेल. 'उरलेल्या गावांना पाणी केव्हा मिळेल, हे आज सांगता येणार नाही.' ते वाक्य गेलं आणि ती सरळ पुढच्या परिच्छेदावर आली.

मी "तनुजा!" म्हणालो. तोंड उघडलं, हवा बाहेर आली. कांताने स्वयंपाकघरातून बघितलंही नाही. फोन उचलून लिहायला गेलो तर मेसेजची जागा बंद होती.

उतारा संपला. तिने माइक उघडले. कुणीतरी विचारलं, "ताई, मधे काही राहिलं का? शब्द कमी वाटतात."

"नाही," ती म्हणाली. "एवढाच हाय."

सगळ्यांनी मान्य केलं. पृथ्वीराज म्हणाला, आज खूप दिवसांनी नीट सराव झाला. मग सगळे थँक्यू सर, थँक्यू सर म्हणायला लागले आणि एकेक जण निघून गेला.

मी पॅड पुढे ओढलं आणि माझं लिहिलेलं तपासायला बसलो. एकही चूक नाही. ते वाक्य माझ्याही पॅडवर नाही.